विहिरीवरची मोटर, तलावाचा पंप

नाशिक जिल्ह्यात पंपाची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षपट्ट्यात वाढलेलं शाळकरी पोरही नुसत्या आवाजावरून सांगतं, की मोटर पाणी ओढतेय की पंपाने हवा धरलीय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि पुढच्या दोन दशकांत तिथून सेंट्रिफ्यूगल पंप बाहेर पडू लागले. तेव्हापासून मराठी शेतकऱ्याच्या कित्येक पिढ्या या यंत्राबरोबर जगल्या आहेत. फूटव्हॉल्व्ह, स्टार्टर, कंडेन्सर, वायंडिंग हे शब्द आमच्याकडे बांधावर बोलले जातात.

गेल्या काही वर्षांत हाच पंप एका नव्या जागी पोहोचला आहे. गंगापूर धरणाच्या जलाशयाभोवतीची फार्महाउसेस, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या वाटेवरची रिसॉर्ट, शहरातल्या मोठ्या सोसायट्या, सगळीकडे पोहण्याचे तलाव झाले आहेत. महापालिकेच्या त्र्यंबक रोडवरच्या स्वातंत्र्यवीर सावरकर तलावासारख्या सार्वजनिक ठिकाणी निदान नेमलेला कर्मचारीवर्ग असतो. फार्महाउसच्या तलावाला मात्र पंप बसवायला बहुतेक वेळा तोच वायरमन येतो, जो शेजारच्या विहिरीवरची मोटर सांभाळतो. तो हुशार असतो, हाताने कुशल असतो, आणि नेमकी तिथेच काळजी करण्यासारखी गोष्ट सुरू होते. विहिरीवर चालून गेलेल्या त्याच्या काही सवयी तलावावर माणसाचा जीव घेऊ शकतात. विहिरीत मोटर चालू असताना सहसा कुणी उतरत नाही. तलावाचा पंप चालू असतो तेव्हा त्याच पाण्यात लहान मुलं खेळत असतात. या प्रकरणातली प्रत्येक गोष्ट या एका फरकातून निघते.

आधी पंपाचं काम समजून घेऊ. शेतातला पंप पाणी खालून वर नेतो. तलावाचा पंप पाणी कुठेच नेत नाही, फिरवतो. तळातल्या मेन ड्रेनमधून आणि काठाशी असलेल्या स्किमरमधून पाणी ओढायचं, केसकचरा अडवणाऱ्या जाळीच्या बास्केटमधून पुढे घ्यायचं, वाळूच्या फिल्टरमधून दाबाने ढकलायचं आणि भिंतीतल्या तोंडांतून परत तलावात सोडायचं. सगळं पाणी एकदा फिरून यायला लागणारा वेळ साधारण सहा ते आठ तासांचा ठेवतात. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल अशा घरगुती तलावात ६७,५०० लिटर पाणी मावतं. ते सहा तासांत फिरवायचं तर ताशी सव्वाअकरा हजार लिटरचा प्रवाह हवा. त्याला बहुधा एक हॉर्सपॉवरचा पंप पुरतो.

इथे पहिली सवय आडवी येते. विहिरीवर मोठी मोटर म्हणजे चांगली मोटर, कारण वीज असेल तेवढ्या तासांत जास्तीत जास्त पाणी काढून घ्यायचं असतं. म्हणून एकाच्या जागी दोन-तीन हॉर्सपॉवर बसवले जातात. पाइप मात्र तेच राहतात. पंपाच्या ओढीकडच्या, म्हणजे सक्शनच्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत असावा, असा जाणकारांचा दंडक आहे. आपल्या उदाहरणातला प्रवाह ६३ मिलिमीटरच्या पाइपातून सुमारे सव्वा मीटर वेगाने जातो. तोच ५० मिलिमीटरच्या पाइपातून नेला तर वेग दोन मीटरला टेकतो. त्यावर मोठा पंप लावला की पंप पाण्यासाठी तडफडू लागतो, आतला दाब उतरतो, पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि इम्पेलरवर आपटून फुटतात. पंपातून खडी फिरवल्यासारखा आवाज येतो तो याचा. इम्पेलर कुरतडला जातो, सील जातं, वीज वाया जाते. तळाच्या ड्रेनच्या तोंडाशी असलेला ओढीचा जोर वाढतो तो धोका तर याहून मोठा, त्याकडे पुढे येतो.

पंप कुठे बसवायचा हेही याच हिशेबात येतं. पंप पाणी ओढतो म्हणजे तो आत पोकळी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा पाणी सिद्धांतात सव्वादहा मीटरच्या थोडं वरपर्यंत चढवू शकते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. हवा तेवढी विरळ, त्यामुळे ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते, आणि पाइपातलं घर्षण, वळणं, व्हॉल्व्ह वजा जाता हातात येते ती त्याहून बरीच कमी. तलावाचा पंप शक्यतो पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बसवतात ते यामुळे. पाणी आपोआप पंपात भरलेलं राहतं, पंप कोरडा फिरून सील जळत नाही. मात्र तसा बसवला तर दोन्ही बाजूंना बंद करायचे व्हॉल्व्ह लागतातच, नाहीतर बास्केटचं झाकण उघडताच तलाव पंपरूममध्ये येतो.

आता ड्रेनच्या तोंडाशी असलेल्या त्या जोराबद्दल. जून २००२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात व्हर्जिनिया ग्रॅम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या छोट्या तलावात तळाच्या ड्रेनला चिकटली. तिला पोहता येत होतं. आईने तिला ओढून काढण्याचा प्रयत्न केला, पण सुटका होईना. अखेर दोन मोठ्या माणसांनी इतका जोर लावला की ड्रेनचं झाकण तुटलं. तोवर उशीर झाला होता. ती अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. तिच्या आईने पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर २००७ मध्ये तिच्याच नावाने तलावांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला.

दोन प्रौढांनाही झाकण तुटेपर्यंत ओढायला लावणारा हा जोर येतो कुठून? साधं गणित आहे. वीस सेंटिमीटर व्यासाच्या ड्रेनचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. त्यावर पोट किंवा पाठ टेकून तोंड पूर्ण बंद झालं आणि पंपाने पाइपात अर्ध्या वातावरणाइतकी पोकळी केली, तर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो या हिशेबाने दीडशे किलोंहून जास्त भार त्या शरीराला तळाशी दाबून धरतो. एक-दोन हॉर्सपॉवरचा, अगदी साधा पंपही हे करू शकतो. केस जाळीत गुंतणं हा याचाच दुसरा प्रकार. पाणी केसांना आत ओढतं, मागच्या बाजूला त्यांची गाठ होते, आणि पंप बंद केला तरी ती सुटत नाही.

उपाय स्वस्त आहेत, पण ते तलाव बांधतानाच करावे लागतात. एका पंपाला एकच ड्रेन कधीही जोडू नये. निदान दोन ड्रेन, एकमेकांपासून ९० सेंटिमीटरहून जास्त अंतरावर, आणि दोन्ही एकाच पाइपात मिळणारे. एक तोंड बंद झालं तर पंप दुसऱ्याकडून पाणी घेतो आणि पोकळी तयारच होत नाही. दोन्ही ड्रेनच्या मधे व्हॉल्व्ह बसवू नये, कारण एक बंद केला की आपण पुन्हा एका ड्रेनवर आलो. झाकण सपाट जाळीचं नको. घुमटासारखं उंचावलेलं, कडांनी पाणी घेणारं झाकण मिळतं, ते शरीराने पूर्ण झाकलं जात नाही. त्यावर किती प्रवाहापर्यंत ते सुरक्षित आहे हे छापलेलं असतं. आपल्या पंपाचा प्रवाह त्याहून जास्त असेल तर ते झाकण काही कामाचं नाही. मोठ्या मोटरचा हव्यास इथे थेट जिवाशी येतो. ही झाकणं प्लास्टिकची असतात, ऊन आणि क्लोरीनने ठिसूळ होतात, म्हणून त्यांना ठरावीक आयुष्य असतं. झाकण तडकलेलं, हललेलं किंवा एक स्क्रू जरी गेलेला दिसला तरी पंप बंद, तलाव बंद. नवं झाकण बसेपर्यंत कुणी पाण्यात उतरायचं नाही. याबाबतीत ‘आजच्या दिवस चालवून घेऊ’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

दुसरा धोका विजेचा. इथे विहिरीवरच्या सवयी सगळ्यांत घातक आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

माणसाच्या शरीरातून किती विजेने काय होतं, याचा पायाभूत अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी केला. साधारण दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. तीस मिलिअँपिअरच्या वर प्रवाह काही काळ टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. कोरड्या त्वचेचा विरोध बऱ्यापैकी असतो, पण भिजलेल्या शरीराचा हजार ओहमपर्यंत आणि त्याहूनही खाली येतो. आपल्या घरातला दाब २३० व्होल्ट. म्हणजे ओल्या अंगातून २३० मिलिअँपिअर किंवा जास्त. आणि पाण्यात तर एवढ्याचीही गरज नसते. स्नायू आखडले की माणूस हातपाय हलवू शकत नाही आणि बुडतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पोहता येत नव्हतं.

यावर वायरमनचं ठरलेलं उत्तर असतं, ‘अर्थिंग केलंय ना!’ अर्थिंग हवंच, पण एकट्याने ते पुरत नाही, आणि हे आकड्यांनी पाहण्यासारखं आहे. समजा मोटरच्या वायंडिंगचं आवरण गेलं आणि फेज बॉडीला लागला. अर्थिंगचा विरोध पाच ओहम धरू, तोही चांगलाच म्हणायचा. २३० भागिले पाच म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जातील. मोटरच्या सर्किटला १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहावर आपोआप पडणारा स्विच, असतो. तो झटक्यात पडायला रेटिंगच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरवर तो तापून पडेल, पण कित्येक सेकंदांनी. तेवढा वेळ मोटरची बॉडी, तिला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू आणि कदाचित तलावाची शिडीही विजेने भारलेली राहील. आता आपल्याकडच्या जमिनीचा विचार करा. नाशिकच्या बऱ्याच भागात थोड्या मुरुमाखाली काळा कातळ लागतो. अर्थिंगचा खड्डा नीट खोल जात नाही, एप्रिल-मेमध्ये माती वाळते आणि पाच ओहमचे वीस-पंचवीस होतात. तेव्हा जेमतेम दहा अँपिअर जातात आणि एमसीबी पडतच नाही.

म्हणून तलावाच्या पंपाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. आपल्याकडे अजूनही सरसकट त्याला ईएलसीबी म्हणतात. तो दुकानदाराने रोजची जमा आणि खर्च ताडून पाहावा तसं काम करतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. तीस मिलिअँपिअरचाही फरक पडला, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्या कुठल्या वाटेने, कदाचित कुणाच्या शरीरातून गेली, असं धरून तो पुरवठा तोडतो. फरक मोठा असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. डॅलझिएल यांनीच १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत असं उपकरण पुढे आणलं आणि तिथल्या वीजसंहितेने ते १९६८ साली सक्तीचं केलं, ते पहिल्यांदा पोहण्याच्या तलावातल्या दिव्यांसाठी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नंतर आलं.

विहिरीवर हे उपकरण सहसा टिकत नाही. शेकडो फूट केबल, जागोजागी टेप लावलेले जोड, पावसात थोडी गळती ठरलेली, की ते सारखं पडतं आणि वैतागून कुणीतरी काढून टाकतं. तलावावर पडायला लागलं तर तीच सवय हाताला येते, बायपास करायची. पण आरसीसीबी पडतोय म्हणजे गळती आहे, आणि गळतीच्या दुसऱ्या टोकाला तलाव आहे. कारण सापडेपर्यंत पंप बंद ठेवणं हाच एक मार्ग. आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. पुरवठा तुटला तर ठीक, नाही तुटला तर उपकरण त्याच दिवशी बदलायचं. या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर घेऊन वायरमनला यावं लागतं, आणि त्याला पावसाळ्यात न बोलावता कडक उन्हाळ्यात बोलवावं, कारण खरी परीक्षा तेव्हा असते.

शेतावरच्या आणखी तीन सवयींची नावं घेऊन सांगायला हवीत. न्यूट्रल गेला की अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून वापरून मोटर चालवणं, ही पहिली. असं केलं की अर्थिंगच्या खांबाभोवतीची ओली जमीन भारली जाते आणि संरक्षणासाठी घातलेली तारच धोक्याची वाट बनते. एक फेज नसताना कंडेन्सर लावून थ्री-फेज मोटर दोन फेजवर ओढणं ही दुसरी. मोटर तापते, वायंडिंगचं आवरण हळूहळू भाजतं आणि गळतीची सुरुवात होते. तिसरी सवय ऑटो स्विचची. रात्री-बेरात्री लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकरी तो लावतात. महावितरण त्याच्या विरोधात सतत आवाहन करतं, कारण लाइट येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊन रोहित्रावर ताण येतो. तलावावर त्याचा अर्थ वेगळा आहे. लाइट गेली म्हणून कुणीतरी पंप उघडून बास्केट साफ करायला घेतली आणि हात आत असताना मोटर फिरली. हे टाळायला स्टार्टर असा हवा, की पुरवठा परत आला तरी माणसाने बटण दाबल्याशिवाय तो सुरू होणार नाही. पंपावर काम करताना मेन स्विच खाली करून त्याला कुलूप घालावं आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी.

आरसीसीबीलाही न दिसणारी एक गोष्ट असते. बिघाड आपल्या आवारात नसून बाहेरच्या लाइनवर असेल, तर जमिनीतूनच थोडा दाब तलावापर्यंत येऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे तलावाभोवतीचा सगळा धातू एकमेकांना जोडणं. शिडी, कठडा, काँक्रीटमधल्या सळया, पंपाची बॉडी, दिव्यांची चौकट, धातूचे पाइप, सगळं जाड तांब्याच्या तारेने एकत्र बांधायचं. धक्का बसतो तो दोन जागांच्या दाबातल्या फरकाने. सगळ्यांचा दाब सारखा ठेवला की शिडीला हात आणि पाण्यात पाय असलेल्या माणसातून वीज जायला कारण उरत नाही. या कामाला बाँडिंग म्हणतात. काँक्रीट ओतण्याआधी सळयांना तार जोडून ठेवली तर खर्च किरकोळ, नंतर करायचं तर फरशी फोडावी लागते. तलावातले दिवे बारा व्होल्टचेच असावेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर काठापासून दूर. आंतरराष्ट्रीय नियमांत तलावाच्या काठापासून दोन मीटर आणि त्यापुढे आणखी दीड मीटर असे पट्टे आखलेले आहेत. साधा पंप आणि त्याचं पॅनेल या साडेतीन मीटरच्या बाहेर, बंद खोलीत ठेवावं.

ही खोली कशी असावी, यात नाशिकचा कातळ पुन्हा मधे येतो. पंप पाण्याच्या पातळीखाली हवा म्हणून बरेच जण जमिनीत खड्डा घेऊन पंपरूम करतात. कातळात खोदलेला खड्डा म्हणजे हौदच, त्यातून पाणी जिरत नाही. जुलै-ऑगस्टच्या पावसात तो भरतो, मोटर बुडते, आणि बुडालेल्या मोटरकडे जाणारा माणूस त्याच पाण्यात पाय ठेवतो. अशा खोलीत मोटरला चौथरा हवा, तळाशी पाणी उपसणारा छोटा पंप हवा, आणि विजेचं पॅनेल खड्ड्यात न ठेवता वर, हात पोहोचेल अशा कोरड्या भिंतीवर हवं. पॅनेलवरचा मेन स्विच तर खाली न उतरता बंद करता आलाच पाहिजे. गोदावरीकाठी बांधणाऱ्याने २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर आठवावेत. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढलं यावर नाशिककर पूर मोजतात. आपली पंपरूम त्या मोजणीत कुठे येते, हे बांधण्याआधी पाहायला हवं. आणि हे सगळं काम शासनाचा परवाना असलेल्या वीज कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं, त्याच्याकडून चाचणीचा लेखी अहवाल मागून घ्यावा.

रोजची देखभाल त्यामानाने सोपी. बास्केट दर दोन-तीन दिवसांनी साफ करायची, अर्थात पंप बंद करून आणि व्हॉल्व्ह मिटून. फिल्टरच्या डोक्यावरचा दाबमापक स्वच्छ फिल्टरला किती दाखवतो ते भिंतीवर लिहून ठेवावं. त्याहून अर्धा ते पाऊण बार वाढला की वाळू तुंबली, बॅकवॉश घ्यायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवायची. बॅकवॉशसाठी मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची मूठ फिरवताना पंप चालू असता कामा नये, आतलं गॅस्केट फाटतं आणि कधी व्हॉल्व्हच फुटतो. पंप उघडून परत लावला की फिल्टरच्या टाकीत हवा अडकते. पाणी दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते आणि तिच्यात जोर साठतो. टाकीच्या झाकणाचा क्लॅम्प नीट बसला नसेल तर ते झाकण तोफेच्या गोळ्यासारखं उडू शकतं, अशा घटनांत माणसं गंभीर जखमी झाली आहेत. म्हणून वरचा हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच पंप सुरू करायचा, टाकीपासून बाजूला उभं राहायचं, आणि पाण्याची धार लागली की व्हॉल्व्ह बंद.

पंप आणि मोटर यांच्या मधून थेंब गळताना दिसला तर तो सीलचा आहे. शेतात असा थेंब महिनोन्‌महिने गळत राहतो. इथे त्या थेंबात क्लोरीन आहे. ते पाणी शाफ्टवरून बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग गंजून करकरतं, आणि पुढे वायंडिंगला ओल लागते. काहीशे रुपयांचं सील वेळेत बदललं की मोटर भरून घेण्याचा खर्च आणि गळतीचा धोका दोन्ही टळतात.

पंपरूममध्ये रसायनं ठेवू नयेत. जागा असते म्हणून क्लोरीनची पावडर आणि आम्लाचे कॅन तिथेच रचले जातात. त्यांच्या वाफांनी पॅनेलमधले तांब्याचे जोड हिरवे पडून सैल होतात हे एक. दुसरं, तलावात घालायची क्लोरीनची पावडर आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि जमिनीखालच्या खोलीत हवेहून जड असलेला हा वायू तळाशी साचून राहतो. वायूचा बंदिस्त साठा असेल तर धोका आणखी वाढतो. जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या महापालिका तलावावर क्लोरीनची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. दोन्ही रसायनं वेगवेगळ्या, हवेशीर, कोरड्या जागी ठेवावीत. दोन्हींसाठी एकच मग वापरू नये. पाण्यात रसायन घालायचं, रसायनावर पाणी कधीही ओतायचं नाही.

वेग कमी-जास्त करता येणारे, ड्राइव्ह लावलेले पंप आता सहज मिळतात आणि ते घेण्यासारखे आहेत. पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, पण लागणारी शक्ती सिद्धांतात आठव्या हिश्श्यावर येते. तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट तास लागले तरी वीज चौथाई. शिवाय मंद पंपाची ड्रेनवरची ओढही कमी. एकच जपायचं, ड्राइव्हमुळे गळतीच्या प्रवाहाचं रूप बदलतं आणि साधा एसी प्रकारचा आरसीसीबी ते ओळखू शकत नाही. कोणत्या प्रकारचा लागेल ते ड्राइव्हच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तोच घ्यावा.

नाशिकची थंडी कडक. निफाडचा पारा पाच अंशांखाली जातो त्या दिवसांत बरेच खासगी तलाव बंदच असतात आणि होळीच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. काही महिने उभी राहिलेली मोटर थेट बटण दाबून सुरू करू नये. आधी पुरवठा तोडून शाफ्ट हाताने फिरतो का पाहावं. अडकला असेल आणि तसंच बटण दाबलं तर वायंडिंग जळतं. मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने वायंडिंग आणि बॉडी यांच्यातला विरोध मोजून घ्यावा, ड्राइव्ह असेल तर त्याच्या तारा सोडवूनच. एक मेगओहमच्या खाली आला तर मोटर ओलावली आहे, ती सुकवल्याशिवाय किंवा दुरुस्त केल्याशिवाय चालवायची नाही. पंपरूममध्ये उंदरांनी केबल कुरतडली आहे का, पॅनेलमध्ये पालींनी आणि गांधीलमाश्यांनी घर केलंय का, हे टॉर्च मारून पाहावं. त्यानंतर तळातली झाकणं, आरसीसीबीचं बटण, आणि मगच पंप.

पंप तातडीने बंद करायचं लाल बटण पंपरूममध्ये असून भागत नाही. ते तलावाच्या काठावरून धावत दोन-चार सेकंदांत गाठता येईल असं, ठळक, कुलूप नसलेलं हवं, आणि घरातल्या प्रत्येकाला, राखणदाराला, स्वयंपाकाच्या मावशींना, आलेल्या पाहुण्यांच्या मुलांनाही ते दाखवलेलं हवं. कुणी ड्रेनला अडकलं तर ओढत बसू नका, आधी हे बटण. पाण्यात कुणी एकाएकी ताठ झालं, किंवा शिडीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर पाण्यात उडी मारू नका, आधी हे बटण. बाहेरून वाचवायला गेलेला दुसरा माणूसही अशा वेळी जातो. वीज तोडल्यावर कोरड्या बांबूने किंवा दोरीने माणसाला काठाशी घ्या. श्वास चालू नसेल तर पाच वेळा तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करा, दर ३० दाबांनंतर दोन श्वास. पोटातलं पाणी काढायला उलटं टांगण्यात वेळ घालवू नका. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा, आणि फार्महाउस आडवाटेला असेल तर एका माणसाला मुख्य रस्त्यावर रुग्णवाहिकेला वाट दाखवायला पाठवा.